तळटीपेतल्या लेखाचा पत्ता : विधी नियतकालिकांतील जुने लेख ग्रंथालयामार्फत कसे मिळवावेत

खानापूरहून बेळगावात एलएलएमच्या वर्गासाठी रोज ये-जा करणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. भाषिक अल्पसंख्याकांच्या घटनात्मक हक्कांवर लघुप्रबंध लिहिताना तिने निकालपत्रांच्या आणि पुस्तकांच्या तळटीपांतून २३ लेखांची यादी काढली. त्यांपैकी ९ इंटरनेटवर सापडले, उरलेले १४ कॉलेजच्या ग्रंथालयात विचारले तेव्हा ‘आपल्याकडे नाहीत’ एवढेच उत्तर मिळाले. मूळ लेख स्वतः वाचल्याशिवाय त्याचा हवाला देऊ नये, असे तिच्या मार्गदर्शकांचे सांगणे आहे, आणि सादरीकरणाला चार महिने उरले आहेत. अशा वेळी पुण्या-बंगळूरच्या फेऱ्या घालाव्यात की यादीच छोटी करावी, असा तिचा पेच आहे.

यादी छोटी करू नये. तिने पाठवलेली यादी मी बारकाईने पाहिली आहे. विधी ग्रंथालयात २७ वर्षे काढल्यावर माझे मत असे झाले आहे की, ‘मिळत नाही’ म्हणून परत गेलेल्या लेखांपैकी बहुतेक लेख दुर्मीळ नसतात, त्यांचा पत्ता चुकलेला किंवा अपुरा असतो. ग्रंथालयाच्या कॅटलॉगमध्ये नियतकालिकाचे नाव असते आणि त्याचे कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंतचे खंड आहेत याची नोंद असते; खंडाच्या आत कोणाचे कोणते लेख आहेत हे तिथे नोंदलेले नसते. म्हणून काउंटरवर लेखकाचे आणि लेखाचे नाव सांगितले की कर्मचारी ते नाव संगणकावर टाकतो, काही येत नाही, आणि प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो. तोच लेख मागच्या खोलीतल्या मांडणीवर धूळ खात पडलेला असू शकतो. तेव्हा ग्रंथपालाकडे लेखाचे नाव घेऊन न जाता नियतकालिकाचे पूर्ण नाव, वर्ष, खंड आणि पृष्ठ घेऊन जावे, आणि ‘या नियतकालिकाचा हा खंड आपल्याकडे आहे का’ असे विचारावे. या एका बदलाने आपल्या यादीतले दोन-तीन लेख तरी बेळगावातच सुटतील, असा माझा अंदाज आहे.

पण त्यासाठी सायटेशन, म्हणजे तळटीपेत दिलेला लेखाचा किंवा निकालाचा पत्ता, नीट वाचता आले पाहिजे. अमेरिकन पद्धतीत आधी खंड, मग नियतकालिकाचे संक्षिप्त नाव, मग पहिले पृष्ठ आणि शेवटी कंसात वर्ष येते. खासगीपणाच्या हक्कावरील वॉरन आणि ब्रँडाइस यांचा प्रसिद्ध लेख ‘४ हार्वर्ड लॉ रिव्ह्यू १९३ (१८९०)’ असा दिला जातो. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ साली दिलेल्या पुट्टस्वामी निकालातही त्याचा आधार घेतलेला आहे. याचा अर्थ चौथ्या खंडाच्या १९३ व्या पृष्ठावर लेख सुरू होतो. तो २२० व्या पृष्ठावर संपतो, हे मात्र सायटेशन सांगत नाही, आणि प्रत मागवताना नेमके तेच हवे असते. तळटीपेत पहिल्या पृष्ठानंतर स्वल्पविराम देऊन दुसरा आकडा असेल, तर तो लेखाचे शेवटचे पृष्ठ नसून ज्या पृष्ठावरचे वाक्य उचलले आहे ते पृष्ठ असते. आपल्या यादीत दोन ठिकाणी पहिला आकडा गळून केवळ हा दुसरा आकडा उतरवला गेला आहे असे दिसते. मूळ तळटीप पुन्हा पाहावी.

ब्रिटिश पद्धतीत वर्ष आधी येते, आणि त्याभोवतीचा कंस शोभेचा नसतो. गोल कंसातले वर्ष केवळ माहितीसाठी असते, कारण खंडांना सलग क्रमांक असतो आणि लेख त्या क्रमांकावरून सापडतो. चौकोनी कंसातले वर्ष हेच खंडाचे नाव असते, आणि ते चुकले की सगळेच चुकते. आपल्याकडे हा नेम पाळला जात नाही. ‘(१९७३) ४ एससीसी २२५’ या केशवानंद भारती खटल्याच्या सायटेशनमध्ये कंस गोल आहे, पण सुप्रीम कोर्ट केसेसचे (एससीसी) खंड दरवर्षी पुन्हा एकपासून सुरू होत असल्यामुळे वर्षाशिवाय त्या चाराला काहीच अर्थ नाही. म्हणून भारतीय सायटेशन उतरवताना वर्ष, खंड आणि पृष्ठ यांतले काहीही ‘उघडच आहे’ म्हणून सोडू नये.

सायटेशन बरोबर आहे की नाही हे घरबसल्या तपासण्याची एक जुनी युक्ती सांगतो. सलग क्रमांकाच्या नियतकालिकांत खंड आणि वर्ष यांचे गणित ठरलेले असते. बॉम्बे लॉ रिपोर्टरचा पहिला खंड १८९९ चा, म्हणून खंडाच्या क्रमांकात १८९८ मिळवले की वर्ष येते. ५८ वा खंड १९५६ चा. लॉ क्वार्टर्ली रिव्ह्यू १८८५ साली सुरू झाले, म्हणून त्याच्या क्रमांकात १८८४ मिळवावेत. दिल्लीच्या इंडियन लॉ इन्स्टिट्यूटच्या जर्नलचे पहिले दोन खंड दोन-दोन वर्षांत विभागलेले आहेत, पण १९६१ च्या तिसऱ्या खंडापासून पुढे क्रमांकात १९५८ मिळवले की वर्ष जुळते. आपल्या यादीत या जर्नलचा १४ वा खंड आणि १९७६ हे साल एकत्र लिहिले आहे. १४ वा खंड १९७२ चा आहे, म्हणजे दोहोंपैकी एक आकडा नक्की चुकला आहे. अशा वेळी दोन्ही शक्यता लिहून ठेवाव्यात आणि दोन्ही खंडांची अनुक्रमणिका पाहावी. हार्वर्डसारख्या अमेरिकन नियतकालिकांचा एक खंड नोव्हेंबर ते जून असा दोन कॅलेंडर वर्षांवर पसरलेला असतो, त्यामुळे तिथे एका वर्षाचा फरक दिसला तर तो चूक समजू नये.

संक्षेपांविषयी फार बोलण्याची गरज नाही, पण एक सावधगिरी हवी. ‘सीएलजे’ म्हणजे केंब्रिज लॉ जर्नलही असते आणि कलकत्ता लॉ जर्नलही. ‘एमएलजे’ मद्रासचे असते तसे मलायाचेही. लेखकाचा देश आणि वर्ष पाहिले की बहुधा उलगडा होतो. न झाल्यास कार्डिफ विद्यापीठाची विधी संक्षेपांची सूची इंटरनेटवर मोफत पाहता येते. तीत संक्षेप टाकून पूर्ण नाव आणि नावावरून संक्षेप असे दोन्ही शोधता येतात.

आता आपल्या यादीतल्या सर्वांत अवघड वाटणाऱ्या आणि खरे तर सर्वांत सोप्या अशा चार नोंदींकडे येतो. या चारही नोंदी भारतीय रिपोर्टरांच्या, म्हणजे न्यायालयांचे निकाल छापणाऱ्या नियतकालिकांच्या, जर्नल (लेखांच्या) विभागातल्या आहेत. ऑल इंडिया रिपोर्टरचा (एआयआर) मासिक अंक म्हणजे एकाच मुखपृष्ठाखाली बांधलेले अनेक विभाग असतात: सर्वोच्च न्यायालय, वेगवेगळी उच्च न्यायालये आणि जर्नल. प्रत्येक विभागाची पृष्ठसंख्या स्वतंत्र चालते. वर्ष संपले की बाइंडर बारा अंक उसवतो, विभाग वेगळे करतो आणि प्रत्येक विभागाचे स्वतंत्र पुस्तक बांधतो. निकालांचे विभाग वकिलांना रोज लागतात, म्हणून ते नीट बांधले जातात. जर्नल विभाग मात्र पातळ असतो. त्याचे स्वतंत्र पुस्तक होत नाही, म्हणून तो कुठे सर्वोच्च न्यायालयाच्या खंडाच्या पुढे, कुठे मागे, कुठे भलत्याच उच्च न्यायालयाच्या खंडाच्या पोटात बांधलेला सापडतो, आणि काही ठिकाणी बाइंडिंगचे पैसे वाचवण्यासाठी तो बांधलेलाच नसतो. सुतळीने बांधलेले गठ्ठे कपाटाच्या माथ्यावर ठेवलेले असतात. ग्रंथालयाचा कर्मचारी ‘एआयआर आहे’ असे म्हणतो आणि ते खरे असते, ‘हा लेख त्यात नाही’ असेही म्हणतो आणि त्याच्या परीने तेही खरे असते.

यात मी स्वतः एकदा चांगलाच फसलो आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका ज्येष्ठ वकिलांना एक लेख हवा होता. तळटीपेत एआयआर, वर्ष आणि पृष्ठ एवढेच मी पाहिले. मध्ये असलेला ‘जर्नल’ हा शब्द मी उतरवून घेतला नाही. जिल्ह्याबाहेरच्या एका ग्रंथालयाला पत्र लिहिले, त्यांनी तत्परतेने त्या वर्षाच्या सर्वोच्च न्यायालय विभागातील त्याच क्रमांकाच्या पृष्ठाच्या झेरॉक्स पाठवल्या, आणि लिफाफा उघडला तेव्हा हाती भूसंपादनाच्या एका अपिलाची मधली पाने आली. दुसरे पत्र, दुसरे उत्तर, यांत तीन आठवडे गेले आणि वकीलसाहेबांची तारीख होऊन गेली. चूक पाठवणाऱ्याची नव्हती, माझी होती. तेव्हापासून जर्नल विभागातला लेख मागवताना मी तो शब्द तांबड्या शाईने लिहितो. सुप्रीम कोर्ट केसेसमधल्या लेखांनाही हेच लागू आहे: तिथेही जर्नल विभागाची पृष्ठे निराळी असतात, आणि वर्ष व खंडासोबत ‘जर्नल’ हे लिहिले नाही तर निकालाचे पान मिळते.

आपल्या भागासाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे, जी बंगळूरच्या किंवा पुण्याच्या मार्गदर्शकाला सहसा सुचणार नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात होता. त्या दिवशी चंदगड तालुका वगळून तो म्हैसूर राज्यात गेला. आणि १ नोव्हेंबर १९७३ रोजी म्हैसूर राज्याचे नाव कर्नाटक झाले. या तीन टप्प्यांचा ठसा इथल्या विधी ग्रंथांच्या कपाटांवर स्पष्ट दिसतो. जुन्या वकिलांच्या संग्रहांत बॉम्बे लॉ रिपोर्टरची ओळ छप्पन सालाच्या आसपास थांबते आणि तिच्या शेजारून म्हैसूर लॉ जर्नल सुरू होते. पुढे त्याच मालिकेच्या पाठीवर कर्नाटक लॉ जर्नल असे नाव दिसू लागते. कॅटलॉगमध्ये ही दोन नावे दोन वेगळ्या नोंदी असू शकतात. म्हणून १९७० च्या सुमाराचा संदर्भ ‘कर्नाटक लॉ जर्नल’ म्हणून शोधून मिळत नसेल तर ‘म्हैसूर’ या नावाखाली पाहावे, आणि छप्पनपूर्वीचा संदर्भ असेल तर धारवाड-बंगळूरपेक्षा कोल्हापूर, पुणे आणि मुंबई या बाजूला आशा अधिक धरावी. आपला विषयच राज्य पुनर्रचनेला लागून असल्यामुळे हा वळसा आपल्याला एकदा तरी घ्यावा लागेल.

कुठे जावे, याचा क्रम मी असा ठेवीन. पहिल्यांदा आपल्याच कॉलेजात, पण कॅटलॉगवर न थांबता ग्रंथपालांची परवानगी घेऊन प्रत्यक्ष मांडणीपाशी. त्यानंतर बार असोसिएशनचे, म्हणजे वकिलांच्या संघटनेचे, ग्रंथालय. विद्यार्थ्यांना तिथे सहज प्रवेश नसतो, परंतु ओळखीच्या वकिलांसोबत गेल्यास कोणी अडवत नाही, आणि जर्नल विभागासह जुने एआयआर तिथे असण्याची शक्यता कॉलेजापेक्षा जास्त असते. ज्येष्ठ वकिलांची घरेही विसरू नयेत. वडिलांचे किंवा आजोबांचे ग्रंथ जपून ठेवलेली अशी घरे बेळगाव, निपाणी, चिकोडी भागात आजही आहेत, आणि काका-आजोबा म्हणून नम्रपणे विचारले की कपाट उघडून देतातच, वर चहाही मिळतो.

त्यापुढे हुबळीचे कर्नाटक राज्य विधी विद्यापीठ आणि धारवाडचे कर्नाटक विद्यापीठ ही एका दिवसात जाऊन येण्याजोगी ठिकाणे आहेत. दुसऱ्या दिशेला कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचे बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांच्या नावाचे ग्रंथालय आणि शहाजी लॉ कॉलेज आहे. पुण्याचे १९२४ साली स्थापन झालेले आयएलएस लॉ कॉलेज आणि बंगळूरचे राष्ट्रीय विधी विद्यापीठ यांच्याकडे जाण्याची वेळ शेवटी यावी. कुठेही जाण्याआधी प्राचार्यांच्या किंवा ग्रंथपालांच्या सहीचे परिचयपत्र घ्यावे, त्यात हव्या त्या खंडांची यादी जोडावी आणि ती आधी ईमेलने पाठवून खंड असल्याची खात्री करून घ्यावी. न विचारता गेलेल्या वाचकाला ‘तो खंड बाइंडिंगला गेला आहे’ हे उत्तर ऐकून परतीची बस धरावी लागते. भाषेचे म्हणाल तर हुबळी-धारवाडला पत्र इंग्रजीत असावे आणि बोलणे जमेल तसे कन्नडमध्ये करावे, कोल्हापूर-पुण्याला सगळेच मराठीत चालते. सीमाभागातल्या माणसाला दोन्ही दारे उघडी असतात, ही आपली एक सोय आहे आणि ती वापरण्यात संकोच करू नये.

प्रत्यक्ष जाणे शक्य नसेल तेव्हा आंतरग्रंथालयीन देवघेवीचा मार्ग असतो. खंड हलवले जात नाहीत, लेखाची झेरॉक्स किंवा स्कॅन केलेली प्रत येते. दिल्लीचे डेलनेट हे ग्रंथालयांचे जाळे याच कामासाठी आहे, पण तिथे विनंती सदस्य ग्रंथालयाकडून जावी लागते, विद्यार्थ्याकडून थेट नाही. म्हणून आपले कॉलेज सदस्य आहे का हे पहिल्यांदा विचारावे. नसेल तर शहरातले दुसरे एखादे महाविद्यालय असू शकते, कारण अभियांत्रिकी आणि व्यवस्थापनाची अनेक कॉलेजे सदस्य असतात आणि त्यांचे ग्रंथपाल आपल्या ग्रंथपालांच्या एका फोनवर विनंती पुढे पाठवतात. ग्रंथपालांचे आपसातले संबंध कोणत्याही सॉफ्टवेअरपेक्षा जास्त लेख मिळवून देतात, हे मी अनुभवाने सांगतो.

आपल्या यादीत दोन ब्रिटिश लेख आहेत, एक मॉडर्न लॉ रिव्ह्यूमधला आणि एक लॉ क्वार्टर्ली रिव्ह्यूमधला. केंद्र सरकारची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली. तीत ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके सरकारी उच्च शिक्षण संस्थांना खुली झाली आहेत. खासगी संस्थांची कॉलेजे या पहिल्या टप्प्यात नाहीत, पण राणी चन्नम्मा विद्यापीठासारखे राज्य विद्यापीठ त्या वर्गात मोडते, म्हणून आपला अर्ज घेऊन तिथल्या ग्रंथालयात जाऊन पाहण्यासारखे आहे. मॉडर्न लॉ रिव्ह्यू विली या प्रकाशकाकडे आहे आणि विली योजनेत आहे. फार जुने खंड वर्गणीत येतातच असे नाही, म्हणून वर्ष सांगून आधी विचारावे. लॉ क्वार्टर्ली रिव्ह्यूचा प्रकाशक स्वीट अँड मॅक्सवेल मात्र त्या यादीत नाही. तो लेख डेलनेटमार्फत किंवा बंगळूरहूनच मागवावा लागेल.

तीन अमेरिकन लेखांसाठी कुठेही जाण्याचे कारण नाही. अमेरिकेतल्या अनेक विधी महाविद्यालयांनी आपापल्या नियतकालिकांचे जुने खंड स्वतःच्या संकेतस्थळावर मोफत ठेवले आहेत; २००९ साली तिथल्या मोठ्या विधी ग्रंथालयांच्या संचालकांनी ‘डरहॅम निवेदन’ काढून विधी नियतकालिके सर्वांना खुली करावीत अशी मागणी केली, त्याने या प्रथेला बळ मिळाले. शोधताना लेखाचे पूर्ण नाव अवतरणचिन्हांत टाकावे आणि सोबत ‘रिपॉझिटरी’ हा शब्द द्यावा. जेस्टोर या नियतकालिकांच्या ऑनलाइन संग्रहावर अमेरिकेतले १९२३ पूर्वीचे लेख कोणालाही पाहता येतात, आणि नंतरचेही बरेच लेख मोफत वैयक्तिक खाते उघडून पडद्यावर वाचता येतात, उतरवून घेता येत नसले तरी. इंडियन लॉ इन्स्टिट्यूटचे जर्नलही जेस्टोरवर आहे, म्हणजे आपल्या यादीतले त्यातले दोन लेख वर्ष-खंडाचा घोळ सुटला की तिथेच वाचून होतील. हाइनऑनलाइन हा संग्रह विधी नियतकालिकांसाठी सर्वांत उत्तम, कारण त्यात छापील पानाचे हुबेहूब चित्र असते आणि पृष्ठांक शंकेला जागा ठेवत नाही, पण त्याची वर्गणी मोठ्या संस्थांनाच परवडते. बंगळूर किंवा पुण्याला जाणारी एखादी मैत्रीण असेल तर तिच्याकडे सायटेशनची चिठ्ठी द्यावी. एसएसआरएन या संशोधन-लेखांच्या संकेतस्थळावर मिळणारी प्रत मात्र बहुधा छपाईपूर्वीची असते. ती वाचायला हरकत नाही, परंतु तिच्यावरचे पृष्ठांक तळटीपेत देऊ नयेत. छापील लेख १०७ व्या पृष्ठावर सुरू होत असताना प्रबंधात ‘पृष्ठ ३’ असे दिसले की परीक्षक पुढचे संदर्भही संशयाने पाहू लागतो.

जिथे सायटेशन मुळातच तुटक आहे, म्हणजे लेखकाचे नाव आणि ‘इंडियन लॉ इन्स्टिट्यूटच्या जर्नलमध्ये’ एवढेच आहे, तिथे सूची कामाला येतात. इंडियन लॉ इन्स्टिट्यूट १९६३ पासून भारतीय विधी नियतकालिकांची सूची प्रसिद्ध करते. तीत विषयावरून आणि लेखकावरून लेख शोधता येतो. तिचे खंड आजचे विद्यार्थी क्वचितच उघडतात. दुसरा मार्ग शोधगंगेचा, म्हणजे भारतीय विद्यापीठांच्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहाचा, आहे: आपल्याच विषयावरचे दोन-तीन पीएचडी प्रबंध उघडून त्यांची संदर्भसूची पाहावी. तिथे तोच लेख पूर्ण पत्त्यासह मिळतो. मात्र तो पत्ता दुसऱ्याने उतरवलेला असतो, म्हणून दोन प्रबंधांत तो सारखा आहे का ते पाहावे. आणि दोघांनीही एकाच पुस्तकातून चूक उचललेली असू शकते, हेही ध्यानात ठेवावे.

उरलेल्या तीन नोंदी नियतकालिकांतल्या विधी लेखांच्या नाहीतच, म्हणून त्या कॉलेजात विधी नियतकालिक म्हणून मिळणे शक्य नव्हते. एक संपादित ग्रंथातले प्रकरण आहे. सायटेशनमध्ये लेखाच्या नावानंतर संपादकाचे नाव आणि पुस्तकाचे नाव आले की ते ग्रंथांच्या कॅटलॉगमध्ये पुस्तकाच्या नावाने शोधायचे असते. दुसरी नोंद सीमाप्रश्नावरील महाजन आयोगाच्या १९६७ च्या अहवालाची आहे, तो सरकारी प्रकाशनांच्या विभागात विचारावा. तिसरी वाईच्या ‘नवभारत’ मासिकातील एका लेखाची आहे. मराठी मासिके विधी ग्रंथालये ठेवत नाहीत. त्यासाठी बेळगावचे सार्वजनिक वाचनालय आणि शिवाजी विद्यापीठ ही दोन ठिकाणे पाहावीत, आणि मासिकाचे अंक महिन्यावर लावलेले असल्यामुळे वर्षासोबत महिना मिळवून जावे.

प्रती काढण्याच्या कायदेशीर बाजूविषयी आपण विचारले नाही, पण काउंटरवर कधी तरी हा प्रश्न येतो. १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमाच्या कलम ५२(१)(अ) नुसार संशोधनासह खासगी किंवा वैयक्तिक वापरासाठी केलेला रास्त वापर म्हणजे उल्लंघन नव्हे. एका लेखाची एक प्रत स्वतःच्या अभ्यासासाठी घेणे त्यात बसते. संपूर्ण अंकाची झेरॉक्स काढून वर्गात वाटणे ही निराळी गोष्ट आहे. काही ग्रंथालये ‘केवळ वैयक्तिक संशोधनासाठी’ अशा हमीपत्रावर सही घेतात, ती खुशाल करावी.

शेवटी विनंतीपत्राचे. एका पानावर एकच लेख असावा, कारण दूरच्या ग्रंथालयात यादी एका हातातून दुसऱ्या हातात जाताना खालच्या नोंदी राहून जातात. त्यात नियतकालिकाचे पूर्ण नाव आणि पूर्वीचे नाव असल्यास तेही, वर्ष, खंड, अंक, विभाग, पहिले पृष्ठ, लेखकाचे व लेखाचे नाव, आणि हा संदर्भ आपल्याला कोणत्या निकालाच्या किंवा पुस्तकाच्या कितव्या पृष्ठावर मिळाला ते लिहावे. हे शेवटचे लोक सोडून देतात, पण पत्ता चुकलेला निघाला तर समोरचा ग्रंथपाल मूळ तळटीप पाहून तो दुरुस्त करू शकतो, आणि चांगले ग्रंथपाल तसे करतातही. ‘लेख जिथे संपतो तिथपर्यंत, लेखाअखेरच्या टिपांसह, आणि त्या अंकाच्या मुखपृष्ठाची प्रत’ असे स्पष्ट मागावे. प्रत हाती आल्यावर त्याच दिवशी पाने मोजावीत, कडेच्या पृष्ठांकांचा कोपरा कापला गेला आहे का ते पाहावे, आणि पहिल्या पानाच्या माथ्यावर पूर्ण सायटेशन व कोणत्या ग्रंथालयातून प्रत आली ते पेन्सिलीने लिहून ठेवावे. जर्नल विभागाच्या त्या चार नोंदी मात्र पत्राने मागवू नयेत; पुढच्या शनिवारी वकीलमंडळींपैकी कोणाला सोबत घेऊन बारच्या ग्रंथालयात जावे आणि त्या वर्षांचे सर्वोच्च न्यायालयाचे खंड मागच्या बाजूने उघडून पाहावेत.